कॉम्प्युटर गेला म्हणून लायसन्स जात नाही

निपाणीजवळच्या एका गावात भजनं आणि मंडळांची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या एका भावाचा प्रश्न असा आहे: पावसात लाइटची ये-जा झाली आणि मदरबोर्ड जळाला. सर्व्हिसवाल्यानं नवा बोर्ड घातला, फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून दिलं. आता पैसे भरून घेतलेला रेकॉर्डिंगचा प्रोग्राम म्हणतो, ॲक्टिव्हेशनची, म्हणजे किती मशीनवर चालू करता येईल याची, मर्यादा संपली. प्लगइनपैकी, म्हणजे त्या प्रोग्रामला जोडायच्या इफेक्ट-वाद्यांच्या छोट्या प्रोग्रामपैकी, काही उघडतात, काही नाहीत. गणपतीची गाणी अर्धवट पडलीत. सर्व्हिसवाला म्हणतो, नवीन घ्या, नाहीतर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, टाकून देतो. सगळं परत विकत घ्यायचं का?

नाही, दादा. ‘मर्यादा संपली’ हा निरोप वाचून नवीन लायसन्स घेतलेली माणसं मी बेळगावात पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी ते पैसे फुकट गेलेत. क्रॅक तर नकोच. त्यातली एक तांत्रिक भानगड सर्व्हिसवाले सांगत नाहीत, ती पुढं सांगतो.

आधी हे होतं कसं ते बघा. कंपनी आपल्याला प्रोग्राम विकत नाही, वापरायची परवानगी विकते, आणि ती परवानगी कंपनीकडच्या आपल्या खात्यावर जमा असते. ॲक्टिव्हेट करताना प्रोग्राम मशीनच्या काही खुणा गोळा करतो: मदरबोर्डचा नंबर, डिस्कचा, प्रोसेसरचा, काही ठिकाणी नेटवर्क कार्डाचा. त्यातून एक कोड तयार होतो आणि सर्व्हरवर नोंद पडते की या खात्याचं एक ॲक्टिव्हेशन अमुक मशीनवर गेलं. बोर्ड बदलला की कोड बदलला. सर्व्हरच्या लेखी तुमचा जुना कॉम्प्युटर अजून व्यवस्थित चालू आहे आणि हे कुणी वेगळंच मशीन जागा मागायला आलंय. काही प्रोग्रामना तर नुसतं विंडोज नव्यानं टाकलं तरी मशीन नवं वाटतं. घरचा लॅपटॉप, मागच्या खेपेला फॉरमॅट मारलेला हाच डबा आणि आता हा नवा बोर्ड, अशा तीन नोंदी होतात आणि जागा संपतात. परवानगी मात्र खात्यावर जशीच्या तशी असते. फक्त मेलेल्या मशीनच्या नावावरची जागा मोकळी करून घ्यायची असते.

म्हणून पहिला प्रश्न प्रोग्राम कुठला हा नाही. खातं कुठल्या ईमेलवर आहे, हा आहे. आपल्या भागात खरं दुखणं इथंच असतं. प्रोग्राम साउंड कार्डाबरोबर दुकानातून आलेला असतो आणि दुकानदारानं ‘रजिस्टर करून देतो की’ म्हणून स्वतःचा ईमेल घातलेला असतो. नाहीतर पुण्याला शिकायला असलेल्या भाच्यानं त्याच्या कार्डावरून घेतलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याही लक्षात नसतो. शेत कसतो कोण याला किंमत नाही, उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघतात, तसंच हे आहे. बिल तुमच्याकडं असलं तरी ज्याच्या ईमेलवर खातं, तोच कंपनीच्या लेखी मालक.

तेव्हा आज रात्री बाकी काही न करता जुने ईमेल धुंडाळा. प्रोग्रामचं नाव, कंपनीचं नाव, ‘सिरीयल’, ‘ऑर्डर’ असे शब्द टाकून शोधा, स्पॅममध्येही बघा. खातं दुसऱ्याच्या ईमेलवर निघालं तर त्या माणसाला गोड बोलून आताच आपला ईमेल तिथं घालून घ्या. तो दुकान बंद करून गोव्याला गेला की मग अवघड. आणखी एक गोष्ट बघा: खात्याला किंवा जीमेलला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? सीमेवर राहणाऱ्यांकडं सिमकार्डांची कमी नसते. एक कोल्हापूरच्या कॉलेजात असताना घेतलेलं, एक इथलं. जुनं रिचार्ज न करता बंद पडतं आणि मोबाइल कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. मग ओटीपी जातो भलत्याच माणसाला.

खातं हातात आलं की पुढचं प्रोग्रामप्रमाणे बदलतं. तुम्ही नाव लिहिलं नाही, म्हणून आपल्याकडं चालतात ते सगळेच घेतो.

एफएल स्टुडिओ असेल तर चिंता सोडा. स्वतःच्या वापरासाठी एकापेक्षा जास्त मशीनवर टाकायला मुभा आहे आणि नव्या आवृत्त्या जन्मभर फुकट. प्रोग्राम उतरवायचा, आतूनच खात्यावर लॉगिन करून अनलॉक करायचं, झालं. एकच लक्षात ठेवा: अनलॉक न करता, म्हणजे ट्रायलमध्ये, गाणं सेव्ह होतं पण सेव्ह केलेलं परत उघडत नाही. नव्या मशीनवर जुनी गाणी उघडेनात म्हणून ‘फायली करप्ट झाल्या’ असं कुणी सांगितलं तर आधी अनलॉक झालंय का ते बघा.

एबलटन लाइव्ह दोन कॉम्प्युटरसाठी असतं. तिथं जुनं मशीन आपण स्वतः काढून टाकायची भानगड नाही. जागा संपल्या की सपोर्टला कळवायचं, ते वाढवून देतात. गावात रेंज नसेल तर ऑफलाइनचाही मार्ग आहे. प्रोग्राम त्या मशीनचा हार्डवेअर कोड दाखवतो, तो लिहून घ्यायचा, नेट असेल तिथून खात्यात घालायचा, मिळालेली फाइल पेनड्राइव्हवर आणून उघडायची. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात हाच मार्ग कामाचा. मात्र कोड घेतल्यावर आणि फाइल आणेपर्यंत मशीनमध्ये काही बदलू नका, नाहीतर फाइल जुन्या कोडाची ठरते.

स्टुडिओ वनला पाच ॲक्टिव्हेशन मिळतात आणि जुनं मशीन खात्याच्या पानावरून स्वतःच काढता येतं. इतका सरळ मामला बाकीच्यांनीही ठेवायला हवा होता. लॉजिक ॲपलच्या स्टोअरमधून येतं, ज्या ॲपल आयडीवर घेतलं तो घातला की परत उतरतं, मोजामोज नाही. रीपरचं लायसन्स म्हणजे एक छोटी फाइल. ती ईमेलमध्ये जपली की कितीही मशीनवर चालते, अट एवढीच की एका वेळी एकाच ठिकाणी वापरायचं.

क्यूबेसची गोष्ट जरा लांब आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत क्यूबेस आणि नुएंडो बरेच असल्यामुळं नीट सांगतो. दोन्ही प्रोग्राम स्टाइनबर्ग कंपनीचे. क्यूबेस ११ पर्यंत लायसन्स ई-लायसेन्सर नावाच्या यूएसबी डोंगलात, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीत, असायचं. कॉम्प्युटर जळला तरी डोंगल काढून दुसऱ्याला लावला की काम चालू. २०२२ मध्ये आलेल्या क्यूबेस १२ पासून डोंगल गेला आणि लायसन्स खात्यावर आलं, तीन मशीनपर्यंत. यात जुनं मशीन हाताशी असेल तर स्टाइनबर्ग ॲक्टिव्हेशन मॅनेजरमधून डीॲक्टिव्हेट करायचं. मशीनच जळलं असेल तर ‘माय स्टाइनबर्ग’ खात्यात जाऊन जागा मोकळी करायची.

पण ज्यांच्याकडं अजून डोंगलवरचं क्यूबेस आहे त्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. स्टाइनबर्गनं ई-लायसेन्सरची सेवा २० मे २०२५ ला बंद केली. डोंगलात आहे ते लायसन्स त्यातून चालतं, पण नवीन ॲक्टिव्हेशन किंवा एका डोंगलातून दुसऱ्यात नेणं आता होत नाही. म्हणजे तो डोंगल मोडला की विषय संपला. तो सीपीयूच्या पुढच्या पोर्टाला लावून ठेवू नका, येता-जाता गुडघा लागतो. मागच्या बाजूला, छोट्या एक्स्टेन्शन वायरनं लावा. ई-लायसेन्सर कंट्रोल सेंटरचा आणि आपल्या क्यूबेसचा इन्स्टॉलर दोन ठिकाणी साठवून ठेवा. आणि कुणी ‘जुना डोंगल स्वस्तात देतो’ म्हणून आलं, तर स्वतःच्या मशीनला लावून, क्यूबेस उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्लगइनची लायसन्स सांभाळणारी दोन घराणी मोठी. एक आयलॉक: यात लायसन्स डोंगलवर, कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर ठेवता येतं, कुठं चालेल ते त्या त्या प्लगइनची कंपनी ठरवते. क्लाउडला नेट सतत लागतं, म्हणून जिथं दिवसातून चारदा लाइट जाते तिथं त्याच्या भरवशावर रेकॉर्डिंग ठेवू नये. कॉम्प्युटरवर ठेवलेलं लायसन्स बोर्डाबरोबर अडकतं. ते आपल्याला सोडवता येत नाही, प्लगइनच्या कंपनीला किंवा आयलॉकच्या सपोर्टला लिहावं लागतं. तुमची काही प्लगइन उघडतात आणि काही नाहीत, याचं कारण बहुतेक हेच असणार. डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर क्लोन केली तरी आयलॉकची ॲक्टिव्हेशन तुटू शकतात. क्लोन म्हणजे सगळं तसंच राहतं ही समजूत इथं लागू नाही. दुसरं घराणं वेव्हजचं. वेव्हज सेंट्रलमधून लायसन्स कॉम्प्युटर, साधा यूएसबी पेनड्राइव्ह आणि लायसन्स क्लाउड यांच्यात हलवता येतं. मशीन मेलं असेल तर लायसन्स परत मिळवायची सोय त्यातच आहे, पण ती हवी तितक्या वेळा मिळत नाही, जपून वापरा. माझा सल्ला विचाराल तर दोन्हीकडं लायसन्स डोंगल किंवा पेनड्राइव्हवर ठेवावं. बोर्ड जळणं आपल्या हातात नाही, पेनड्राइव्ह कपाटात ठेवणं आहे.

आता सपोर्टला लिहायचं कसं. बरेच जण इथं अडतात, कारण इंग्रजी. व्याकरणाची फिकीर करू नका. खरेदीचा ईमेल, सिरीयल किंवा ऑर्डर नंबर, जुन्या मशीनचा मदरबोर्ड जळाला म्हणून त्यावरून डीॲक्टिव्हेट करता येत नाही, आणि जुनी ॲक्टिव्हेशन रीसेट करून द्या, एवढ्या चार गोष्टी चार ओळींत लिहा. बिलाचा फोटो जोडा. स्वतःची कहाणी, गणपतीची घाई, सर्व्हिसवाल्याची तक्रार यातलं काही नको. वाचणारा माणूस बर्लिनला किंवा हॅम्बर्गला बसलाय, त्याला फक्त कुठलं खातं आणि काय करायचं हवंय. एकाच गोष्टीसाठी तीन तीन तक्रारी टाकू नका, त्यानं उलट उशीर होतो. आणि वार बघून लिहा. शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेल्याला सोमवारच्या आधी उत्तराची आशा धरू नये. नाताळ-ईस्टरच्या सुट्टीत तर त्याहून उशीर.

लिहायच्या आधी दोन गोष्टी मात्र तपासा, कारण कधी कधी मर्यादा संपलेलीच नसते.

एक म्हणजे तारीख. मदरबोर्डवर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर २०३२. ती उतरली की वीज गेल्यावर घड्याळ मागं जातं, तारीख भलतीच होते. मग सुरक्षित वेबसाइटी उघडत नाहीत, लायसन्सचे सर्व्हर बोलत नाहीत आणि प्रोग्राम काहीतरी अगम्य चूक दाखवतो. जुना वापरलेला बोर्ड घातला असेल तर ही शंका आधी घ्या. बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळते.

दुसरी म्हणजे होस्ट्स फाइल. ही ती क्रॅकवाली भानगड. क्रॅक टाकताना बऱ्याचदा विंडोजच्या होस्ट्स नावाच्या फाइलीत कंपनीच्या सर्व्हरचे पत्ते अडवून ठेवतात, म्हणजे प्रोग्रामनं कंपनीला विचारायला जाऊ नये. पुढं तुम्ही त्याच कंपनीचं खरं लायसन्स घेतलं तरी ते त्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. ‘पैसे भरले तरी ॲक्टिव्हेट होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या मशीनवर मी सगळ्यात आधी तीच फाइल उघडतो. विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथं ती असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करून उघडा आणि कंपन्यांची नावं असलेल्या ओळी काढा. सर्व्हिसवाल्यानं त्याच डब्यात आधी दुसरं काही ‘फुकट’ टाकून दिलं असेल तर हे असण्याची शक्यता मोठी. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात हेही विसरू नका. त्याच मशीनवर तुम्ही फोन-पे नाही तर बँक उघडता. आणि कायदा म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ बी प्रमाणे चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितलाय. जो पैसे घेऊन रेकॉर्डिंग करतो त्यानं हे गमतीवारी घेऊ नये.

याची दुसरी बाजूही आहे. कंपनी तरी कुठं कायमची असते? गिब्सननं २०१७ च्या शेवटी आपली केकवॉक कंपनी गुंडाळली, पुढच्या वर्षी बँडलॅबनं घेतली म्हणून तिचा सोनार हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम वाचला. ॲडोबीनं जुने ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा ऑडिशन ३ हा त्यांचा ऑडिओचा प्रोग्राम विकत घेतलेल्यांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत काढावी लागली. सगळ्याच कंपन्या एवढं करतील असं नाही. पैसे भरणाऱ्याला मोजून जागा द्यायच्या आणि चोरणाऱ्याला एकही अडथळा नाही, हा कारभार मलाही पटत नाही. पण त्यावर उपाय चांगलं लायसन्स देणारा प्रोग्राम निवडणं, होस्ट्स फाइल बिघडवणं नव्हे.

आता परत सगळं टाकायचा क्रम. इथं घाई करतात म्हणून जागा वाया जातात. ॲक्टिव्हेशन सगळ्यात शेवटी. आधी मशीन जसं राहणार आहे तसं पूर्ण करून घ्या: एसएसडी वाढवायची असेल ती वाढवा, बायोस अपडेट करायचं असेल तर आताच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं बरेच जण ११ वर जाताहेत. ते करायचं तर तेही आधीच. मग चिपसेटचे ड्रायव्हर, साउंड कार्डाचा कंपनीचा एसिओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंगला आवाज उशिरा येऊ नये म्हणून लागतो तो), विंडोजचे अपडेट, दोन-तीनदा रीस्टार्ट. एक दिवस मशीन तसंच चालू द्या. नवा बोर्ड पहिल्या आठवड्यातच परत जाण्याची उदाहरणं आपल्याकडं कमी नाहीत. त्यानंतर मुख्य प्रोग्राम, मग आयलॉक, वेव्हज सेंट्रल, नेटिव्ह ॲक्सेस यांच्यासारखे व्यवस्थापक, आणि शेवटी एकेक प्लगइन. ॲक्टिव्हेट करताना यूपीएस चालू पाहिजे. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा, भरवसा धरून लायसन्स इकडून तिकडं हलवू नये; मध्येच वीज गेली तर नोंद अर्धवट राहते आणि परत सपोर्टचं दार.

विंडोजच्या यूजरचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा, एकच शब्द, मध्ये जागा नको. मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव घातलं की काही जुने इन्स्टॉलर आणि प्लगइन त्या फोल्डरात वाट चुकतात. गाण्यांच्या फायलींची नावं खुशाल मराठीत ठेवा, पण दुसऱ्या स्टुडिओत पाठवायची असतील तर तीही इंग्रजी अक्षरांत बरी.

जुनी डिस्क फेकली नसेल तर उत्तम. बोर्ड जळला म्हणून डिस्क जळते असं नाही. बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घालून लावा आणि प्रोजेक्ट, प्रीसेट, सॅम्पलची फोल्डरं उचलून घ्या. सॅम्पल लायब्ररी नव्या डिस्कवर त्याच ड्राइव्ह-अक्षराखाली, त्याच नावाच्या फोल्डरात ठेवली तर जुनी गाणी उघडताना ‘सॅम्पल सापडत नाही’ची कटकट वाचते. नुसतं प्लगइनचं फोल्डर उचलून नव्या विंडोजात टाकलं तर मात्र भागत नाही, ते रीतसर इन्स्टॉलच करावं लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वीची गाणी असतील तर ३२ बिटची प्लगइन आडवी येतील. क्यूबेस ९ पासून ती चालतच नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी लायसन्सशी भांडत बसू नका. त्या जागी दुसरं बसवा.

तुमच्या गणपतीच्या गाण्यांचं आजच काही करायचं असेल तर सपोर्टच्या उत्तराची वाट बघत बसू नका. जुन्या डिस्कवरच्या प्रोजेक्टच्या ऑडिओ फोल्डरात गायकाचे, मृदंगाचे, टाळांचे मूळ वेव्ह ट्रॅक (रेकॉर्ड झालेल्या आवाजाच्या फायली) बहुतेक असतात. रीपर उतरवा, ते साठ दिवस वापरून बघायला मिळतं, त्यात कोणतंही फीचर अडवलेलं नाही. ट्रॅक त्यात ओढा, टेम्पो जुळवा, बाकीचं मिक्स त्यातच उरका. आवडलं तर लहान स्टुडिओसाठी लायसन्स ६० डॉलरला आहे, धंद्याची वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या वर गेली तरच २२५ डॉलरचं. आणि यापुढं प्रत्येक गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून वेगवेगळा वेव्ह करून बाहेरच्या डिस्कवर टाका, प्लगइनसह एक आणि विनाप्लगइन एक. ते उघडायला कुठल्याही कंपनीला विचारावं लागत नाही.